जिन्याखालचं बटण

लग्नात निवेदन करणाऱ्या माणसाच्या हातात सतत चिठ्ठ्या येत असतात. कोणी सरपंच आला, कोणी सोसायटीचा चेअरमन आला, कोणाचा साडू पोलिसात आहे... सगळ्यांची नावं चतकोर कागदांवर माझ्याकडे पोहोचतात आणि मी ती भारदस्त आवाजात वाचतो. आयुष्यभर तळेगावात मराठी शिकवलं, पण मावळात मला लोक ओळखतात ते या वाचनामुळे. चिठ्ठीत नुसतं नाव असतं, विशेषणं माझी. त्या दिवशी वडगावकडच्या एका लग्नात मी असाच माइकवर उभा होतो. मुहूर्त केव्हाच टळला होता आणि नवरदेव फेटा सैल करून मोबाइल बघत बसला होता. एक चिठ्ठी आली. मी सवयीनं उलगडली आणि सुरू झालो, "कुसगावच्या सुप्रसिद्ध कार्यालयाचे मालक, आपणा सर्वांचे लाडके सहादूभाऊ यांचं..." तेवढ्यात पुढचा शब्द दिसला. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'कुसगावचे सहादूभाऊ गेले.' 'स्वागत' मी कसंबसं गिळलं, पण तोवर मंडपात दहा-बारा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मुहूर्त टळलेल्या मंडपात सहादूभाऊंच्या नावाला टाळ्या! ते असते तर त्यांनी आधी माइक बंद केला असता आणि मग मला चहा पाजला असता. नावं शिल्लक असताना मी माइक आपण होऊन खाली ठेवला, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं.

आमच्याकडच्या लग्नांची रीत ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पत्रिकेवर मुहूर्त असतो, अगदी मिनिटासकट. त्या वेळेला मंडपात फक्त खुर्च्या असतात आणि एखादा पुण्याहून आलेला भाबडा पाहुणा. मग हळूहळू लोक जमतात, मान्यवर येतात, त्यांना फेटे बांधतात, सत्कार होतात, शुभाशीर्वादाची भाषणं होतात. ज्याचं नाव घ्यायचं राहिलं तो न जेवता जातो, म्हणून कोणाचंच राहू द्यायचं नाही. शेवटी 'साहेब' येतात. साहेब म्हणजे त्या त्या काळी जे कोणी असतील ते. साहेबांच्या हस्ते अक्षता पडल्या की लग्न लागलं. छापलेल्या वेळेत निदान दोन तास मिळवायचे, हे मावळातल्या मुलांना पाढ्यांच्या आधी येतं. मला स्वतःला या पद्धतीत काही वावगं वाटत नसे. माझं सगळं नाव त्या दोन तासांतलंच होतं.

सहादूभाऊ मूळचे डोंगरातल्या आंदर मावळातले. घरी भाताची खाचरं आणि म्हशी. तरुणपणी लोणावळ्यातल्या हॉटेलांना दूध घालायचे. पुढे कुसगावात जुन्या हायवेजवळ जागा घेतली. जागांना भाव आला तेव्हा बरोबरीच्यांनी मोठाल्या गाड्या घेतल्या, ह्यांनी मंगल कार्यालय बांधलं. का बांधलं, तर थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या लग्नासाठी. ते लग्न होऊन तेव्हा चाळीसेक वर्षं झाली होती, ही गोष्ट वेगळी. त्या लग्नात गावच्या कोणा बड्या असामीची वाट बघत अक्षता खोळंबल्या. तो माणूस आलाच नाही. त्याला म्हणे दुपारी झोप लागली ती लागलीच. तेव्हा आंदर मावळात एसटी नव्हती. पाहुणे अंधारात, चिखलातून, पोरंबाळं कडेवर घेऊन डोंगर उतरले. "माजी एक चप्पल अजून तितंच हाय, सर," ते मला म्हणायचे, "उकरून काडली पायजे एकदा." ही हकीकत त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की चप्पल कधी कोल्हापुरी असायची, कधी रबरी. चिखल मात्र दर वेळी तेवढाच असायचा.

कार्यालयाच्या दारात पाटी होती : 'येथे लग्न मुहूर्तावर लागते. सत्कार जेवणानंतर.' लोकांना वाटायचं, असेल काही सुविचार. मीही तसंच समजून पहिल्यांदा तिथे निवेदनाला गेलो. आवाज छान लागला होता. एका दूध संस्थेच्या माजी संचालकांपर्यंत आलो होतो, "सहकाराच्या क्षेत्रात ज्यांनी आपल्या कर्तृत्वाचा..." आणि माइक मेला. मी ठोकून पाहिला, फुंकर मारली, काही नाही. खाली उतरलो, तर स्टेजच्या जिन्याखाली, जिथे लोक चपला आणि रिकामे खोके टाकतात, तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर पांढरी टोपी घातलेला एक काटक माणूस भिंतीवरच्या बटणावर बोट ठेवून बसला होता. मांडीवर पंचांग.

"भाऊ, लाइट गेली वाटतं," मी म्हणालो.

"लाइट हाय. मुहूर्त झालाय. भटजींना उभं ऱ्हाऊ द्या आता."

"पण अजून नावं आहेत!"

"नावं कुटं पळून जात्यात? जेवल्यावर घ्या. पोट भरल्यालं आसलं की टाळ्याबी चांगल्या वाजवत्यात लोकं."

मला इतका राग आला की मी न जेवता निघालो. ते फाटकापर्यंत मागे आले आणि एक डबा हातात देऊन म्हणाले, "आवाज लय ग्वाड हाय तुमचा. फकस्त थांबत न्हाई." पुढची सारी वर्षं मी त्यांचा ठरलेला निवेदक होतो. आणि त्यांनी दर वेळी माझा माइक बंद केला.

वादाला तोंड फुटलं ते एका मामामुळे. आमच्याकडे नवरीला मामा घेऊन येतो आणि मंगलाष्टकं होईतो तिच्या पाठीशी उभा राहतो. मामाशिवाय लग्न म्हणजे अघटितच. त्या लग्नातला मामा साहेबांचा उजवा हात. त्यानं रिवाजाप्रमाणे छापील वेळेत दोन तास मिळवले आणि घरून आरामात निघाला. इकडे मुहूर्त आला. नवरीची आई रडकुंडीला आली. सहादूभाऊ स्वयंपाकघरात गेले, आचाऱ्याला विचारलं, "गाव कुठलं तुझं?" तो नेमका नवरीच्या आईच्या माहेरचा निघाला. झालं! आईच्या गावचा म्हणजे गावच्या नात्यानं मामाच. त्याचे हात धुतले, मामासाठी आणलेला भरजरी फेटा त्याच्या डोक्यावर बांधला आणि उभा केला नवरीमागे. लग्न मुहूर्तावर लागलं. आणि मग खरे मामा आले. पंगती बसलेल्या, भाची जिलेबी खातेय, आणि त्यांचाच फेटा घालून एक अनोळखी इसम वाढतोय! "मामा, मठ्ठा घ्या," तो अदबीनं म्हणाला. त्यानंतर मामांनी जे भाषण केलं त्याला माइकची गरज लागली नाही.

दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर बातम्या करणारा एक गृहस्थ कार्यालयात आला. सहादूभाऊंनी त्याला सरळ सांगितलं, "मुहूर्त म्हंजी देवाला दिल्याला शबुद. पाळायचा न्हाई तर छापू नगा. 'आमच्या सवडीनं लगीन लावू' आसं छापा, मी काय बोलनार न्हाई. पन देवाला येळ द्यायची आन् सायबाची वाट बगत बसायचं? देव काय तुमच्या सायबाचा डायवर हाय का, गाडी लावून थांबाया?" आठवडाभर हे वाक्य मावळातल्या प्रत्येक फोनवर वाजत होतं. कोणी ते पुढून कापलं, कोणी मागून. एका बातमीचा मथळा होता 'देवाला ड्रायव्हर म्हणणारा कार्यालयमालक', दुसरीचा 'मुहूर्ताच्या थोतांडावर ग्रामीण उद्योजकाचा प्रहार'. मी तीन वेळा पाहिलं. माणूस तोच होता, टोपी तीच होती.

त्या रविवारी कार्यालयावर एकदम तीन गट आले. धर्माचा अपमान झाला म्हणून निषेधाचं निवेदन द्यायला भगवी उपरणी घातलेले तरुण आले. मुहूर्त-पंचांग न मानणारी आमच्या तळेगावची मंडळी शाल-श्रीफळ घेऊन सत्काराला आली. आणि लोणावळ्यात टुरिस्ट गाड्या चालवणारे ड्रायव्हर आले, 'ड्रायव्हर म्हटल्यानं अपमान कसा होतो, ते आम्हाला समजावून सांगा' म्हणून. सहादूभाऊ रविवारी भैरवनाथाला नारळ फोडून येईपर्यंत कोणाला भेटत नसत. तेव्हा तिन्ही गट हॉलमध्ये वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून राहिले आणि मी यजमान असल्यासारखा चहा सांगत फिरत होतो. भाऊ कपाळाला गुलाल लावून आले आणि आधी सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. तळेगावच्या मंडळींच्या अध्यक्षांनी गडबडीत शाल भाऊंच्या एका खांद्यावर टाकली होती. गुलाल पाहून ते जरा थबकले.

"आपण मुहूर्त मानता की काय?" त्यांनी विचारलं.

"मंग? मानत नसतो तर पाळला कशाला आसता?"

शाल एकाच खांद्यावर राहिली. ते पाहून उपरणेवाल्या तरुणांचे चेहरे उजळले. "म्हणजे भाऊ आपलेच आहेत," त्यांचा म्होरक्या म्हणाला आणि आता त्यांनाच सत्काराची घाई झाली, एकानं तर धावत जाऊन नारळही आणला. सहादूभाऊंनी विचारलं, "तुमचं लगीन किती वाजता लागलं व्हतं?" म्होरक्या उपरणं सारखं करू लागला. त्याच्या लग्नात साहेबांना लोणावळ्यात ट्रॅफिक लागलं होतं. मग भाऊंनी उरलंसुरलंही घालवलं. म्हणाले, "आन् हितं कुनाचंबी लगीन लागतंय बरं का. पोरगी कुठल्या जातीची, पोरगा कुठल्या धर्माचा, म्या इचारत न्हाई. सज्ञान हायेत का आन् येळंवर येनार का, येवडंच इचारतो." तिकडचीही टाळी हवेतच राहिली. खूश झाले ते फक्त ड्रायव्हर. लग्न लांबलं की बाहेर गाडीत उपाशी कोण बसतं, हे त्यांच्याशिवाय कोणाला माहीत! ते हात मिळवून गेले. बाकीचे दोन्ही गट नाराज होऊन गेले, आणि तरी भाऊंच्या हातात शेवटी दोन नारळ राहिले. संध्याकाळी त्यांची चटणी झाली.

हसलो खरे, पण पुढचे महिने वाईट होते. एकांना ते नास्तिक वाटले, दुसऱ्यांना कर्मठ, आणि साहेबांच्या माणसांना उद्धट. ठरलेली लग्नं दुसरीकडे गेली. ऐन लग्नाच्या तिथीला कार्यालय रिकामं असायचं आणि भाऊ खुर्च्या पुसत बसायचे. "भाऊ, पाटी तेवढी काढा," मी म्हणालो. "पाटी काडली तर मंग ह्यो नुसता हॉल ऱ्हाईल, सर," ते म्हणाले. त्यातच त्यांच्या मुलीचं, वैशालीचं लग्न ठरलं. मुलगा सालस, तळेगावच्या एका कारखान्यात इंजिनीअर, पण त्याचे वडील ठेकेदार आणि साहेबांच्या अगदी आतले. बैठकीत व्याही लाडात येऊन म्हणाले, "नियम लोकांसाठी हो, आपण तर घरचे." सहादूभाऊ म्हणाले, "घरच्यांसाठी मोडला तर लोकांनी कशापाई पाळावा?" व्याह्यांनी चहाचा कप अर्धा ठेवला आणि उठले. साहेबांसाठी थांबणार नसाल तर विचार करावा लागेल, एवढंच बोलून गेले.

त्या संध्याकाळी भाऊ वैशालीला घेऊन माझ्याकडे तळेगावला आले, माझ्या बायकोनं दोघांना जेवायला बसवलं. मी भाऊंना असं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. एकुलत्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडायचं, की ज्यासाठी सगळ्या तालुक्याशी वाकडं घेतलं ते सोडायचं? मी माझ्या परीनं तोडगा काढला : पत्रिकेवर मुहूर्तच दोन तास उशिराचा छापा. ते केविलवाणं हसले. म्हणाले, "मंग लोकं त्याच्याफुडं दोन तास धरत्याल." शेवटी वैशालीनंच प्रश्न सोडवला. तिनं आमच्यासमोर नवऱ्या मुलाला फोन लावला आणि म्हणाली, "मी मुहूर्ताला हार घेऊन उभी राहणार आहे. तू समोर असलास तर तुझ्याच गळ्यात घालीन." पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण ती लाजली. भाऊंनी टोपी काढून डोळे पुसले आणि माझ्या बायकोकडे आणखी एक पोळी मागितली.

लग्नाच्या दिवशी पहिला चमत्कार झाला. साहेब वेळेच्या आधी आले! त्यांनीही ती क्लिप पाहिली असणार. हॉलमध्ये पंखेसुद्धा लागले नव्हते. साहेब एकटे पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर रुमालानं वारा घेत बसले होते आणि उशिरा येणाऱ्या प्रत्येकाकडे अशा नजरेनं पाहत होते, की जणू जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचीच वाट पाहिली आहे. दुसरी गोष्ट मात्र वाईट झाली. आक्का आल्या नाहीत. आंदर मावळातून त्यांना घेऊन येणारी एसटी वाटेत बंद पडली होती. अक्षतांसाठी तांदूळ माझ्या खाचरातला, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं आणि तो तांदूळही त्यांच्याबरोबर गाडीत अडकला होता. फोन आला तेव्हा मुहूर्ताला थोडाच अवकाश होता. साहेबांच्या कानावर गेलं आणि त्यांनी ती संधी बरोबर पकडली. स्टेजवर येऊन माझ्या हातून माइक घेतला. "माय-माउल्यांपेक्षा मुहूर्त मोठा नाही. सहादूभाऊंच्या आक्कांसाठी आपण सर्वजण थांबू या!" मंडपानं टाळ्या वाजवल्या. व्याही हसले. सगळ्या तालुक्याला कळलं होतं, की आता हा माणूस मोडणार.

मी जिन्याखाली गेलो. भाऊ नेहमीच्या खुर्चीवर बसले होते, नवीन धोतर, नवीन टोपी, बोट बटणाजवळ. "भाऊ, थांबू या की," मी म्हणालो, "तुमच्या आक्कासाठीच तर हा सगळा..."

त्यांनी मांडीवरचं पंचांग मिटलं. मग हॉलच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे आंदर मावळातून सकाळीच आलेल्या म्हाताऱ्या पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कान्हे फाट्यावरून आत जाणारी शेवटची गाडी त्यांना गाठायची होती. ती चुकली की डोंगर पायी. "त्या पन कुनाच्या तरी आक्काच हायेत, सर," ते म्हणाले. वर साहेब अजून बोलत होते, "नात्यांचा हा ओलावा, हीच आपल्या मावळची..." आणि माइक मेला.

लग्न मुहूर्तावर लागलं. अक्षता बाजारच्या तांदळाच्या होत्या. सगळ्यांनी टाकल्या, फक्त नवरीच्या बापानं टाकल्या नाहीत. ते जिन्याखाली मूठ आवळून बसून राहिले. पंगती सुरू झाल्यावर दुधाच्या एका टेम्पोतून आक्का उतरल्या, पदर खोचलेला, काखेत तांदळाची पिशवी. भाऊ पुढे झाले, मूठ तशीच आवळलेली, डोळे वाहत होते.

"लागलं का रं?" आक्कांनी विचारलं.

"लागलं."

"येळंवर?"

"व्हय, आक्का."

"मंग रडतूस कशापाई, येड्या? परतीची गाडी घावंल की आता मला." आणि त्यांनी पिशवीत हात घालून मूठभर तांदूळ जेवणाऱ्या नवरा-नवरीवर टाकले, मग भावाच्या टोपीवर, आणि उरलेले, का कोण जाणे, साहेबांवर. मी पुष्कळ लग्नं पाहिली, पण रडलो तो त्या एका लग्नात.

पुढं कार्यालय हळूहळू पुन्हा चालू लागलं. ज्यांना शिफ्टला जायचं असतं ते कारखान्यातले कामगार आणि आतल्या गावांतले लोक यायला लागले. घरच्यांचा विरोध असलेली काही जोडपीही आली. ती तर मुहूर्ताच्या आधीच हजर असायची. वाद मात्र मिटला नाही. भाऊ कोणाचे, हे शेवटपर्यंत ठरलं नाही, आणि त्यांनीही कधी ठरवू दिलं नाही. आमची शेवटची भेट जिन्याखाली, त्यांच्या खुर्चीपाशीच झाली. मी लिहून आणलेली नवी विशेषणं वाचून दाखवत होतो. ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागला... मी वाचत राहिलो, आणि झोपेतच त्यांचं बोट भिंतीकडे सरकताना पाहून हसलो. त्यानंतर काही दिवसांतच ती चिठ्ठी आली.

तेराव्यानंतर कार्यालयातच शोकसभा ठेवली. निवेदक अर्थातच मी. ते दोन्ही गट आले होते, एक म्हणाला ते श्रद्धाळू होते, दुसरा म्हणाला ते सुधारक होते. ड्रायव्हर मागे उभे होते. आंदर मावळातून आक्का आल्या होत्या आणि पहिल्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सर्वांत शेवटी मी उभा राहिलो. आवाज छान लागला होता. मामा सांगितला, चप्पल सांगितली, लोक हसले, मग रडले, मग मला आणखी सुचत गेलं. मी दोन्ही हात पसरले आणि म्हणालो, "मित्रहो, सहादूभाऊ म्हणजे..."

आणि माइक मेला.

मी जिन्याकडे पाहिलं. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर वैशाली बसली होती. एक बोट बटणावर, दुसऱ्या हातानं डोळे पुसत होती. आक्का पिशवी काखेत मारून उठल्याच होत्या. सहादूभाऊ म्हणजे काय, हे नंतर मला बऱ्याच जणांनी विचारलं. मी काय म्हणणार होतो ते मलाच आता आठवत नाही. आक्कांना मात्र शेवटची गाडी मिळाली.